कारण लिहिणे आवश्यक

गेटवाल्याने केलेलं गेट वर उचललं की निघायचं. बाकीचे वेल्डर बिजागरीच्या खुंटीवर लोखंडाचा तुकडा बसवून पक्का जोड मारून टाकत. मग चोराने कितीही जोर लावला तरी गेट जागचं हलत नसे. गेटवाल्याला ते पटत नसे. वर्षा-दोन वर्षांनी गेट उतरवावं, खुंटीला ग्रीस लावावं, पुन्हा चढवावं, मग ते लहान पोराच्या हातानेसुद्धा उघडतं, असं त्याचं म्हणणं. कुणी चोराचं नाव काढलंच तर म्हणायचा, "चोर काय गेट न्यायला येतो का?" गेट न्यायला एक दिवस आपणच येणार आहोत हे तेव्हा त्याला कुठे ठाऊक होतं.

त्याची दुसरी खोड बिलाची. दुकान काढलं तेव्हा त्याने आधी वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि लगोलग बिलबुकं छापून आणली. वर ठळक अक्षरात दुकानाचं नाव, कोपऱ्यात गेटाचं चित्र. गावातले बाकीचे दुकानदार चिठोऱ्यावर आकडा खरडून देत, तोही मागितला तर. हा मात्र पैसे येवोत न येवोत, गेट चढवलं की बिल फाडायचा आणि दोन्ही हातांनी गिऱ्हाइकाला द्यायचा. बिल दिल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही, म्हणायचा. बायको म्हणायची, मला पैसे मिळाल्याशिवाय झाल्यासारखं वाटत नाही. आणि बिल आलं की त्यावर विक्रीकर आला. गिऱ्हाइकाने पैसे दिले की तोंडाला पानं पुसली हे सरकार विचारत नाही. बिल फाडलं म्हणजे माल विकला, एवढंच त्याला कळतं.

दुकान चालत होतं तोवर तो इकडचे तिकडे करून कर भरत राहिला. मग एका हंगामात पिकाला भाव मिळाला नाही. बांधकामं अर्ध्यावर थांबली, उधारीवाले त्याला लांबून बघून गल्ली बदलायला लागले आणि लोखंडाच्या व्यापाऱ्याने हात आखडता घेतला. त्यात शहरातून पत्र्याची तयार गेटं ट्रक भरभरून यायला लागली. घराला लागूनच असलेल्या शेडला शेवटी कुलूप लागलं. पण कर काही कुलपाआड राहत नाही. तो नोटीस होऊन घरी आला. थकलेला विक्रीकर महिनाअखेरीपर्यंत भरावा, नाहीतर दुकानातली यंत्रसामग्री जप्त होईल.

यंत्रसामग्री हा शब्द बायकोने दोनदा वाचला. म्हणजे मशीन, ग्राइंडर आणि भोकं पाडायचं ड्रिल. तेवढ्याच जिवावर घर चाललं होतं. दुकान गेल्यापासून गेटवाला मशीन हातगाडीवर घालून बांधकामांवर जायचा आणि रोजावर गज जोडून द्यायचा. मशीन गेलं की त्याच बांधकामावर डोक्यावर विटा वाहायच्या, आणि ते या वयात, या पाठीने. रात्री त्याने ते बोलून दाखवलं नाही. नुसता कूस बदलत राहिला. बायकोला मात्र कळायचं ते कळलं.

दोघं बस धरून शहरातल्या कचेरीत गेली. खिडकीवर एक बाई होती. चष्मा नाकावर, मनगटाला रबरबँड, कुणाकडे न बघता बोलायची सवय. पण बाई वाईट नव्हती. तिने बिलांच्या प्रती चाळल्या आणि विचारलं, यातले पैसे किती जणांनी दिले. गेटवाल्याने खाली बघितलं. बायको म्हणाली, "खुणेसाठी ज्या बिलांची टोकं मुडपलीत त्यांचे आले नाहीत." बाईने बघितलं, तर अर्ध्याहून जास्त टोकं मुडपलेली. तिने पहिल्यांदाच मान वर केली आणि गेटवाल्याला नीट न्याहाळलं.

"माल परत आणा मग," ती म्हणाली. "गेट काढून आणलंत, गिऱ्हाइकाची सही घेऊन परतीची पावती केलीत, की त्या बिलावरचा कर वजा होतो."

तिने छापील पावत्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. खाली एक रकाना होता. त्यावर लिहिलेलं होतं, परतीचे कारण लिहिणे आवश्यक.

"इथे पैसे दिले नाहीत असं लिहू नका," बाई म्हणाली. "मग ती बुडीत उधारी होते. तिला सूट नाही. माल सदोष असं लिहून घ्या."

"सदोष म्हणजे?" गेटवाल्याने विचारलं.

"खराब निघालं. काम नीट नव्हतं."

"माझं गेट आजवर कुठे खराब निघालं नाही."

बाईने रबरबँड मनगटावरून काढून गठ्ठ्याला लावला. "मग कर भरा," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतंच. मागचा माणूस पुढे सरकला आणि या दोघांना बाजूला व्हावं लागलं.

येताना बसमध्ये बायको एवढंच म्हणाली, की पोटापेक्षा नाक मोठं असून चालत नाही. गेटवाला खिडकीतून बाहेर बघत राहिला. रस्त्याकडेच्या घरांची गेटं बघायची त्याची जुनी सवय होती. त्या दिवशी त्याने एकही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हातगाडी घेऊन निघाली. गाडीत पहार, दोन पाने, दोरखंड, फळी आणि ग्रीसचा डबा. ग्रीस कशाला, बायकोने विचारलं. असू दे, तो म्हणाला. रिकाम्या खुंट्यांना गंज चढू नये म्हणून ग्रीस लावून यायचा त्याचा विचार होता, पण ते सांगितलं असतं तर तिने कपाळाला हात लावला असता.

पहिलं घर कोंबडीवाल्याचं. त्याने वर्षभर उद्या देतो, परवा देतो चालवलं होतं. आताही हसत हसत बाहेर आला आणि म्हणाला, काढा की, काढा. गेटवाल्याने पहार खाली घातली, बायकोने तिच्या टोकाखाली फळी सरकवली आणि दोघांनी मिळून दाब दिला. गेट कुरकुरसुद्धा न करता खुंटीवरून वर आलं. ते गाडीवर चढेपर्यंत कोंबड्या रस्त्यावर, त्यांच्यामागे शेजाऱ्याचा कुत्रा, कुत्र्यामागे कोंबडीवाला आणि त्याच्यामागे त्याची आई. सगळ्या आवारात पिसं उडाली. धापा टाकत तो परत आला, आत गेला आणि पैसे घेऊन बाहेर आला. सगळेच्या सगळे. गेटवाल्याने गेट पुन्हा चढवून दिलं. बायको परतताना गाडी ढकलत इतकी हसली की तिला मध्येच थांबून पोट धरावं लागलं. तोही हसला. पुष्कळ दिवसांत दोघं अशी हसली नव्हती.

पण सगळ्यांकडे कोंबड्या नव्हत्या. गिरणीवाल्याने आधी नुसतेच हात वर केले. मग पावतीवर लिहायची वेळ आली तेव्हा त्याला कंठ फुटला. पैसे दिले नाहीत असं कागदावर लिहून द्यायला कोण तयार होणार? पण गेट खराब होतं हे लिहायला त्याचा हात सरसर चालला. निवृत्त मास्तरांनी तर आणखी एक कोरा कागद मागितला. चौकट तिरपी, गज विरळ, कडी कर्कश, रंग निकृष्ट, असं त्यांनी वळणदार अक्षरात लिहून काढलं. हेच मास्तर गेट चढवलं त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत होते. गेटवाला त्यांच्या लिहित्या हाताकडे बघत उभा राहिला. एवढं नको, एका शब्दात चालेल, असं शेवटी बायकोने त्यांना सांगितलं. मास्तरांचा नाइलाज झाला.

एकेक गेट उतरवायचं, दोघांनी दोन टोकांना धरून गाडीवर आडवं घालायचं, दोरखंडाने आवळायचं आणि चढावर थांबत थांबत ओढत आणायचं. संध्याकाळपर्यंत त्याची पाठ दगडासारखी व्हायची. बायकोच्या तळहातांना फोड आले, फुटले आणि तिथली कातडी कडक झाली. ती त्यावर फडकं गुंडाळायची आणि चल म्हणायची. आणलेली गेटं शेडसमोर एकमेकांना टेकून उभी राहिली. मागे भिंत नाही, पुढे आवार नाही, नुसतीच गेटं. गंमत अशी, की त्यातलं एकही दुसऱ्या कुणाला विकता येण्यासारखं नव्हतं. प्रत्येक गेट त्या त्या दाराच्या मापाचं. गिरणीवाल्याचं गेट मास्तरांच्या दाराला बसणार नाही आणि मास्तरांचं कुठेच. कापून त्याचे गज वेगळे करायचे, एवढाच त्यांचा उपयोग उरला होता.

सदोषची बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. ज्याच्या बांधकामावर गेटवाला रोजावर जायचा तो कंत्राटदार एका दुपारी त्याच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने जोडलेला गज हाताने हलवून बघितला. या आधी त्याने असं कधी केलं नव्हतं.

"तुझी गेटं परत येतायत म्हणे," तो म्हणाला. "जरा बघून करत जा. आणि रोजाचे पैसे थोडे कमी घे. आता तुझ्या कामाचं काही खरं नाही म्हणतात."

गेटवाल्याने वेल्डिंगची काच पुन्हा तोंडावर ओढली आणि जोड मारला. काचेमागे त्याचा चेहरा कसा झाला ते कुणाला दिसलं नाही. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं तेव्हा तिने पाणी तापवायला ठेवलं आणि त्याची पाठ शेकून दिली.

आता एकच पावती राहिली होती, अक्काची. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. कालव्यापलीकडच्या गावात दिलेली. तिचं गेट सगळ्यात मोठं, म्हणून बिलही सगळ्यात मोठं. खरं तर बहिणीला तो गेट असंच देणार होता. पण दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, तसले नव्हते. मेव्हण्याचं फुकट घेणार नाही, बिल फाड, असं त्यांनी चार लोकांसमोर सांगितलं. बिल घडी करून खिशात ठेवलं आणि पैशांचं नाव काढलं नाही. गेट कसं झालं हे सांगायलाही त्यांची जीभ उचलली नाही. ठीक आहे, एवढंच म्हणाले. गेटवाला पोरवयात वेल्डिंग शिकायला लागला तेव्हाही दाजींनी त्याला हसून घेतलं होतं. बारा घरी ठिगळं लावत फिरशील, म्हणाले होते. ते शब्द याच्या काळजात अजून रुतून होते. पुढे दाजींना झटका आला, उजवं अंग गेलं आणि मागायची सोयच राहिली नाही.

"मी तिथे जात नाही," गेटवाला म्हणाला.

"मग मशीन घेऊन जायला ते येतील," बायको म्हणाली.

कालव्याच्या कडेने गाडी ओढत दोघं गेली. दाजी गेटाच्या आतच खुर्चीवर बसले होते. झटका आल्यापासून ती त्यांची जागा. कुणी आलं की डावा हात लांब करून ते कडी सरकवायचे, गेटाला बोट लावायचे आणि गेट आपणहून उघडायचं. घरात त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. जेवणसुद्धा अक्का भरवायची. गेट तेवढं ते स्वतः उघडायचे. याही दोघांना त्यांनीच आत घेतलं.

अक्का ओट्यावर धान्य निवडत होती. "आलास का," ती म्हणाली. "मला वाटलं, आमचं घर गाळतोस. गाळलं असतंस तर जन्मात बोलले नसते तुझ्याशी."

"अक्का, हे राहू दे. याचा कर मी भरीन कसाही."

"काही नको. गिरणीवाल्याचं काढलंस, मास्तरांचं काढलंस. आमचं ठेवलंस तर लोक म्हणतील, बहिणीची लाज झाकली आणि गावाची उघडी टाकली."

दाजींनी मान हलवली. त्यांचं बोलणं तोंडातल्या तोंडात अडकायचं. "काढ," ते म्हणाले.

बायकोने पावती पुढे केली आणि अक्काला सांगायला लागली, इथे कारण, इथे सही. दाजींनी डावा हात पुढे केला. अक्काने मांडीवर पाट ठेवला, त्यावर कागद धरला आणि दाजी लिहायला लागले. उजव्या हाताचा माणूस डाव्याने लिहितो तेव्हा अक्षरं सुटी सुटी पडतात. बायकोने कागद वाचला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

त्यावर लिहिलं होतं, गेट उत्तम आहे. पैसे मी दिले नाहीत.

"दाजी, असं लिहून सूट मिळत नाही," बायको जपून म्हणाली. "गेट खराब आहे असं लिहावं लागतं. सगळ्यांनी तसंच लिहिलंय."

दाजींनी गेटाकडे बघितलं, मग गेटवाल्याकडे. "पैसे बुडवले," ते थांबत थांबत म्हणाले. "वर खोटं कशाला लिहू?"

गेटवाल्याला तिथे उभं राहवेना. तो गाडीकडे गेला, उगीच दोरखंड सोडला आणि पुन्हा गुंडाळला. इतकी वर्षं ज्या एका माणसाच्या तोंडून चांगलं ऐकायची आस धरली होती, त्याने ते ऐकवायला हाच मुहूर्त शोधला. मग दोघांनी पहार घालून गेट उतरवलं. दारात ढोरं शिरू नयेत म्हणून अक्काने बाज आडवी टाकली. निघताना गेटवाल्याने मागे वळून बघितलं. निरोप द्यायला दाजींनी डावा हात लांब केला होता, सवयीने, कडी असायची त्या जागी. हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग मांडीवर आला.

कचेरीतल्या बाईने पावत्या एकेक करून बघितल्या आणि शिक्के मारले. सदोष, शिक्का. सदोष, शिक्का. अक्काच्या पावतीवर तिचा हात थांबला.

"हे बदलून आणा," ती म्हणाली. मग मागची रांग बघून आवाज खाली आणला. "किंवा इथेच खोडा आणि सदोष लिहा. सही तर आहेच."

तिने पेन पुढे सरकवलं. गेटवाल्याने पेन घेतलं. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याच्या बोटांवर ठिणग्यांचे जुने डाग होते, काळे, बारीक. त्याने ते पेन थोडा वेळ धरलं आणि परत ठेवून दिलं.

"हे राहू दे," तो म्हणाला. "याच्यावरचा कर मी भरतो."

"सगळ्यात मोठं बिल आहे हे."

"माहीत आहे. मीच फाडलंय."

बाईने बायकोकडे बघितलं. ही तरी त्याला सांगेल असं तिला वाटलं असावं. बायकोने पदराची गाठ सोडली आणि कोंबडीवाल्याचे पैसे खिडकीत ठेवले. "हप्ते बांधून द्या," ती म्हणाली. "पहिला हा घ्या."

बाईने हप्ते बांधून दिले. मशीन सुटलं, पण पुरतं नाही. एक हप्ता जरी चुकला तरी जप्ती होणार, असं तिने दोनदा सांगितलं आणि कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. अक्काची पावती फायलीत लागली नाही. बाईने ती परत दिली आणि बायकोने ती घडी करून पिशवीत टाकली.

येताना बसमध्ये गेटवाला बायकोच्या बोलण्याची वाट बघत होता. ती रागवली असती तर त्याने ऐकून घेतलं असतं. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "सरकारदरबारी आता तुमच्यासारखा रद्दड वेल्डर नाही. गठ्ठाभर पुरावा आहे." आणि मग म्हणाली, "उद्या कामावर उशिरा जा. आधी कालव्यापलीकडे जाऊन येऊ."

सकाळी गेट पुन्हा गाडीवर चढलं. दाजी बाजेमागे खुर्चीवर बसले होते. गाडीवरचं गेट बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मी परत केलंय ते," ते म्हणाले.

"कचेरीने घेतलं नाही, दाजी," गेटवाला म्हणाला. "परत घ्यायला माल खराब असावा लागतो. तुमचा खराब नाही."

अक्काने बाज बाजूला ओढली. दोघांनी गेट उचललं, खुंट्यांवर अलगद उतरवलं आणि कडी जागेवर बसवली. गेटवाला बाहेर सरून उभा राहिला. दाजींनी डावा हात लांब केला, कडी सरकवली आणि गेटाला बोट लावलं. गेट हळूहळू उघडलं आणि पार कडेपर्यंत गेलं. दाजी ते शेवटपर्यंत बघत राहिले.

"ग्रीस कमी पडलंय," ते म्हणाले.

"आहे, आहे," गेटवाला म्हणाला आणि डबा आणायला गाडीकडे वळला.